फाइल सर्व्हरला कुठली ओएस फास्ट? आधी मोजायचं कसं ते बघू

एकाच आठवड्यात मला दोघांनी तोच प्रश्न विचारला. एक उद्यमबागेतले वर्कशॉपवाले, दुसरे शहापुरातले फोटो स्टुडिओवाले. "फाइल सर्व्हरला विंडोज टाकू की लिनक्स? फास्ट कुठलं चालतंय, सांगा की ओ." फाइल सर्व्हर म्हणजे ऑफिसातले सगळे पीसी ज्याच्यावर फाइली ठेवतात तो डबा, आणि ओएस म्हणजे त्याची ऑपरेटिंग सिस्टिम. दोघांना एकच उत्तर दिलं असतं तर एकाचं नक्की नुकसान झालं असतं. स्टुडिओत एकेका लग्नाचं साठ जीबी शूटिंग येऊन पडतं. वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग आणि सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, प्रोग्रामच्या चाळीस हजार फाइली, एकेक जेमतेम वीस केबीची. दोन्हीकडे डबा तोच, काम मात्र वेगळं.

बेळगावात, निपाणीत, खानापुरात ऑफिसातला जो माणूस प्रिंटरचा कागद अडकला की हाक मारायचा असतो, त्याच्याचकडे बहुतेक वेळा सर्व्हरही येतो. हा लेख त्याच्यासाठी. इथे मी माझ्या आकड्यांचा तक्ता देणार नाही. माझी डिस्क, माझा स्विच, माझ्या फाइली तुमच्याकडे नाहीत, त्यामुळे ते आकडे तुमच्या उपयोगाचे नाहीत. मोजायची रीत सांगतो, ती कुठेही चालते. एक सूचना आधीच: कमांड आणि प्रोग्रामची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरायचं.

जमवाजमव

एक जुना डेस्कटॉप पुरतो. चार कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम. रॅम मुद्दाम कमी ठेवायला सांगतोय, कारण पुढे येईलच. एक मोठी हार्डडिस्क, जिच्यावर डेटा ठेवून चाचणी करायची. ही रिकामी म्हणजे खरोखर रिकामी हवी, कारण प्रत्येक ओएसच्या वेळी ती नव्याने फॉरमॅट होणार आहे. "त्यात थोडे जुने फोटो आहेत, पण चालतंय" असं कुणी म्हणालं तर डिस्क परत करा आणि दुसरी मागा.

ओएससाठी मात्र तीन छोट्या एसएसडी घ्या, १२० जीबीच्याही चालतील. प्रत्येकीवर एक ओएस टाकायची आणि मार्करने नाव लिहून ठेवायचं. एक काढून दुसरी लावली की पाच मिनिटांत सर्व्हर बदलतो. मदरबोर्ड, केबल, डेटा डिस्क सगळं तेच राहतं. तुलनेत एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी काही हलवायचं नाही. समोरचा क्लायंट पीसीही एकच ठेवा, आणि चाचण्या संपेपर्यंत त्याला अपडेट घेऊ देऊ नका.

कुठल्या तीन? नवख्याला माझी निवड अशी: विंडोज सर्व्हर, जिची चाचणी प्रत १८० दिवस चालते, डेबियन लिनक्सवर सांबा, किंवा त्याच डेबियनवर उभं असलेलं ओपनमीडियाव्हॉल्ट, ज्यात बहुतेक सगळं ब्राउझरमधून करता येतं, आणि तिसरं ट्रूनॅस, फाइली साठवायच्या कामासाठीच बनवलेली ओएस. ट्रूनॅसचे दोन अवतार आहेत. जुना 'कोअर' फ्रीबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या ओएसवर चालतो, तर 'स्केल' हा डेबियनवरचा आणि २०२२ मध्ये आलेला. २०२५ पासून हा 'कम्युनिटी एडिशन' या नावाने येतो. नव्याने सुरू करणाऱ्याने तोच घ्यावा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. विंडोजच्या पीसीला फाइली वाटायचं काम लिनक्सवर काय आणि फ्रीबीएसडीवर काय, सांबाच करतं. १९९२ साली अँड्रयू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेला हा प्रोग्राम. तेव्हा 'लिनक्स विरुद्ध फ्रीबीएसडी' अशी कुस्ती लावली तरी आखाड्यात दोन्हीकडून एकच पैलवान उतरलेला असतो. आणि विंडोजवर एनटीएफएस, डेबियनवर ईएक्सटी-४, ट्रूनॅसवर झेडएफएस अशी मांडणी केली तर तुम्ही ओएसपेक्षा फाइल सिस्टिमच, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धतच, जास्त मोजताय. ते चुकीचं नाही, पण वहीत लिहिताना ओएससोबत फाइल सिस्टिमचंही नाव लिहा.

आधी केबल मोजा, सर्व्हर नंतर

स्टुडिओवाल्यांकडे नवा सर्व्हर आला होता, तरी "हळूच चालतंय" ही तक्रार कायम. मी कॉपी लावून बघितली तर वेग सेकंदाला ११ मेगाबाइटवर अडकलेला. ११ हा आकडा दिसला की ओएसकडे बघूच नका. गिगाबिट लाइन म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट. आठाने भागलं की १२५ मेगाबाइट. डेटा ज्या तुकड्यांत जातो त्या पाकिटांचा वरखर्च जाऊन प्रत्यक्ष फाइल कॉपीला ११० ते ११३ मिळतात. लाइन १०० मेगाबिटची असेल तर तेच ११ वर येतं. ६० जीबीचं लग्न एका लाइनवर नऊ मिनिटांत उतरतं, दुसऱ्या लाइनवर दीड तास घेतं.

केबलचा माग काढत गेलो तर ती अल्बम डिझाइन करणाऱ्या पोराच्या फिरत्या खुर्चीखालून गेलेली. चाकाने दाबून दाबून एका ठिकाणी चपटी झालेली, आणि जॅकची क्लिपही मोडलेली. केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. गिगाबिटला चारही लागतात, १०० मेगाबिटला दोनच, केशरी आणि हिरवी. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली की बरीच नेटवर्क कार्डं गपचूप १०० वर उतरतात. नेट चालू, फाइली उघडतात, कुणाला काही कळत नाही. नवी केबल भिंतीच्या कडेने फिरवली. सर्व्हरची ओएस तीच राहिली, तक्रार मात्र बंद झाली.

म्हणून पहिली पायरी ही: आयपर्फ-३ नावाचा छोटा प्रोग्राम सर्व्हरवर आणि क्लायंटवर टाका. सर्व्हरवर नावापुढे वजा एस देऊन तो ऐकायला बसवा. क्लायंटवर वजा सी आणि सर्व्हरचा आयपी. तो डिस्कला हात न लावता फक्त लाइन मोजतो. धडधाकट गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा यायला हवा. मग वजा कॅपिटल आर लावून उलट दिशाही मोजा. एक दिशा नीट आणि दुसरी लंगडी असं असेल तर केबल किंवा कार्डाचा ड्रायव्हर बघा. हे तिन्ही ओएसवर करायचं. एखाद्या स्वस्त कार्डाला एका ओएसमध्ये चांगला ड्रायव्हर असतो आणि दुसऱ्यात कामचलाऊ, आणि पुढे दोष उगाच फाइल सिस्टिमच्या माथी बसतो.

मग डिस्क, नेटवर्कशिवाय

सर्व्हरवरच बसून डिस्क मोजायची. यासाठी एफआयओ हा प्रोग्राम तिन्हीकडे मिळतो. ७२०० आरपीएमची आजची हार्डडिस्क सलग वाचनाला सुरुवातीच्या भागात साधारण १५० ते २५० मेगाबाइट देते आणि भरत आली की शेवटच्या भागात जवळपास अर्ध्यावर येते, कारण तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त डेटा बसतो. म्हणून एक ओएस रिकाम्या डिस्कवर आणि दुसरी ऐंशी टक्के भरलेल्या डिस्कवर मोजू नका.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. डिस्क दोनशेच्या घरात, लाइन ११० वर. म्हणजे मोठ्या फाइलींच्या चाचणीत गिगाबिटवर तिन्ही ओएस ११०-११३ दाखवणार आणि तुम्ही म्हणणार, सगळ्या सारख्याच. खानापूर रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेल्या तीन गाड्यांत फास्ट कुठली, हे कळणार कसं? स्टुडिओवाल्यांना मी हेच सांगितलं. तुमच्या साठ जीबीच्या कामाला ओएस बदलून काही मिळणार नाही. पैसे घालायचेच असतील तर अडीच गिगाबिटचा स्विच आणि दोन कार्डं घ्या, मग २८० च्या आसपास जागा मिळते आणि तेव्हा डिस्क अपुरी पडायला लागते. त्यानंतर ओएसचा प्रश्न परत काढू.

आकडे फुगतात कुठे

रॅममध्ये. सर्व्हरला १६ जीबी रॅम आणि चाचणीची फाइल १ जीबीची असेल तर दुसऱ्यांदा वाचताना ती डिस्कवरून येतच नाही. विंडोज, लिनक्स, झेडएफएस, सगळेच रिकाम्या रॅमचा कॅश म्हणून, म्हणजे नुकत्याच वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला, वापर करतात, फक्त हात प्रत्येकाचा वेगळा. झेडएफएसचा स्वतःचा कॅश असतो, एआरसी नावाचा. तो फ्रीबीएसडीवर बहुतेक सगळी रॅम घ्यायचा, आणि लिनक्सवर बरीच वर्षं मूळ सेटिंगमध्ये निम्मीच. ट्रूनॅस स्केलच्या २४.०४ आवृत्तीत ती निम्म्याची मर्यादा उठली. म्हणजे त्याआधीच्या कोअर-स्केल तुलना ओएसच्या कमी आणि या एका सेटिंगच्या जास्त आहेत.

उपाय सोपा: चाचणीचा डेटा रॅमच्या दुप्पट तरी ठेवा. ८ जीबी रॅम असेल तर १६ जीबीत भागतं. म्हणून सुरुवातीला रॅम कमी ठेवायला सांगितलं. ट्रूनॅसला किमान ८ लागतेच, त्याखाली जाऊ नका. प्रत्येक फेरीआधी सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही रिस्टार्ट केले तर उत्तम. 'थंड' आणि 'गरम' असे दोन आकडे वहीत वेगळे लिहा. गरम आकडा खोटा नसतो. ऑफिसात दिवसभर त्याच त्या फाइली उघडत असाल तर तोच तुमचा खरा आकडा.

शून्यांमध्ये. बऱ्याच ठिकाणी डीडी कमांडने शून्यांची फाइल लिहून वेग काढायला सांगतात. ट्रूनॅसवर एलझेड-४ कॉम्प्रेशन मुळातच चालू असतं. शून्यांची दहा जीबी फाइल तिथे जवळजवळ काहीच जागा घेत नाही, आणि वेग असा दिसतो की डिस्कवाल्यालाही घाम फुटावा. फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यांवर कॉम्प्रेशनचा फायदा नाही. चाचणी खऱ्या फाइलींनीच करा.

सहीमध्ये. विंडोजच्या फाइल शेअरिंगमध्ये प्रत्येक पाकिटावर सही करायची सोय आहे, साइनिंग म्हणतात तिला. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइझमध्ये ती सक्तीची झाली. सहीला प्रोसेसर लागतो, जुन्या प्रोसेसरला ती जड जाते. एका सर्व्हरच्या वेळी क्लायंट विंडोज १० होता आणि दुसऱ्याच्या वेळी ११, तर तुम्ही सही मोजली, ओएस नाही. सही बंद करू नका, सगळीकडे चालू ठेवून मोजा. सांबावर एसएमबीस्टेटस कमांड कुठला पीसी कुठल्या आवृत्तीने जोडलाय आणि सही चालू आहे का ते दाखवते.

विंडोज सर्व्हरवर अँटिव्हायरस प्रत्येक नवी फाइल तपासतो, सांबावर तसं काही मुळात नसतं. दोन्हीकडे जसं रोज चालवणार तसंच ठेवून मोजा. फक्त चाचणीपुरता अँटिव्हायरस बंद केला तर तो आकडा पाहुण्यांसमोर मांडलेल्या फराळाच्या ताटासारखा, रोजचं जेवण ते नव्हे.

आता खरी चाचणी

मोठ्या फाइलीची चाचणी वर सांगून झाली. वर्कशॉपवाल्यांचं दुखणं मात्र बारीक फाइलींचं होतं, आणि ओएसमधला फरक दिसतो तो इथेच.

हिशेब करून बघा. वीस केबीच्या चाळीस हजार फाइली म्हणजे सगळ्या मिळून ८०० मेगाबाइट. ११० च्या वेगाने सात-आठ सेकंदांचं काम. प्रत्यक्षात कितीतरी मिनिटं जातात, कारण प्रत्येक फाइलीला 'उघड, नाव बघ, परवानगी बघ, लिही, वेळ नोंदव, बंद कर' एवढा संवाद सर्व्हरशी होतो. एका फाइलीमागे दहा मिलिसेकंद गेले तर चाळीस हजारांना ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटं. पंचवीस गेले तर १००० सेकंद, सोळा मिनिटांच्या वर. त्यात केबलचा रुंदावा काहीच कामाचा नाही.

इथे सांबाची एक अडचण कळीची आहे. विंडोजला नावातलं मोठं-छोटं अक्षर एकच, लिनक्सला वेगळं. एखादं नाव आहे की नाही हे ठरवायला सांबाला कधी कधी अख्खा फोल्डर चाळावा लागतो. एका फोल्डरात दोनशे फाइली असतील तर कळत नाही, वीस हजार असतील तर दर नव्या फाइलीला ते चाळणं अंगाशी येतं. झेडएफएसवर डेटासेट, म्हणजे डेटाचा वेगळा कप्पा, तयार करतानाच हा भेद नको असं सांगता येतं, पण तेव्हाच. नंतर बदलता येत नाही. वर्कशॉपवाल्यांच्या सगळ्या फाइली एकाच फोल्डरात ओतलेल्या होत्या. पार्टीप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे फोल्डर पाडायला लावले, आणि मगच मोजायला बसलो. नाहीतर त्यांच्या अव्यवस्थेचा दोष सांबाला लागला असता.

मोजायला क्लायंटवरचं रोबोकॉपी वापरा, ते विंडोजमध्ये असतंच. स्लॅश ई दिलं की सगळे पोटफोल्डर येतात आणि शेवटी लागलेला वेळ आणि वेग छापून मिळतो. कॉपीच्या खिडकीतल्या हिरव्या आलेखावर विश्वास ठेवू नका. सुरुवातीला तो रॅमचा वेग दाखवून खूश करतो. स्लॅश एमआयआर मात्र वापरू नका, ते लक्ष्य फोल्डरातल्या जादा फाइली उडवतं. एकदा साध्या पद्धतीने आणि एकदा स्लॅश एमटी कोलन आठ देऊन, म्हणजे आठ धाग्यांनी, एका वेळी आठ फाइली पाठवत, मोजा. धागे वाढवल्यावर वेळ बराच उतरला तर अडचण डिस्कची नसून त्या संवादातल्या थांबण्याची होती, हे कळतं.

त्यानंतर दोन-तीन पीसींवरून एकाच वेळी कॉपी लावा. सांबा प्रत्येक क्लायंटसाठी वेगळी प्रोसेस काढतं, म्हणून एकट्या क्लायंटचा वेग एका कोअरच्या ताकदीवर ठरतो आणि तिघे आले की काम वाटलं जातं. चार कोअरच्या मशीनवर प्रोसेसर २५ टक्के दिसतोय म्हणून तो निवांत आहे असं समजू नका. एक कोअर पूर्ण घामाघूम झालेला असू शकतो. लिनक्सच्या टॉप कमांडमध्ये किंवा विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये कोअर वेगवेगळे करून बघा.

प्रत्येक चाचणी तीनदा करा आणि मधला आकडा धरा. सरासरी नको, एखादी फेरी काहीतरी बिनसून वाया जातेच. एकाच ओएसच्या तीन फेऱ्यांत आठ टक्क्यांचा फरक पडत असेल, तर दोन ओएसमधल्या पाच टक्क्यांवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

लाइट गेली तर

आपल्याकडे वळवाचा पाऊस सुरू झाला की ही चाचणी आपोआप होते. सर्व्हरने "लिहिलं" म्हटलं तेव्हा डेटा खरंच डिस्कवर होता की अजून रॅममध्ये? लिनक्सच्या एनएफएस शेअरला (फाइली वाटायची ही आणखी एक पद्धत) 'एसिंक' पर्याय दिला तर तो डिस्कवर लिहिण्याआधीच होकार देतो, म्हणून फास्ट दिसतो. झेडएफएस क्लायंटने मागितलं तर डिस्कवर पोचेपर्यंत थांबतो, म्हणून साध्या हार्डडिस्कवर मंद दिसतो. या दोघांची तुलना म्हणजे पावती न घेता पैसे घेणारा आणि पावती फाडून देणारा यांची तुलना. झेडएफएसवर सिंक, म्हणजे हे थांबणं, बंद करून वेग वाढवा असा सल्ला कुठेही दिसेल; यूपीएस नसलेल्या ऑफिसात तो घेऊ नका. यूपीएस असला तरी त्याची बॅटरी शेवटची कधी बदलली, ते आधी विचारा.

मराठी नावांची गंमत

वेगाशी संबंध नाही, पण विंडोजवरून लिनक्स किंवा ट्रूनॅसवर जाताना हमखास ठेच लागते. एनटीएफएसवर नावाला २५५ अक्षरं चालतात. ईएक्सटी-४ वर आणि झेडएफएसच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये मर्यादा २५५ बाइटची असते. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं, कन्नडचंही तितकंच. म्हणजे ८५ चिन्हं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त प्रत्येकी वेगळं मोजायचं. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' पासून सुरू होऊन कार्यालयाच्या नावापर्यंत गेलेली, शिवाय शेवटी 'फायनल नवीन दुरुस्त' लावलेली फाइल बघितली आहे मी. ती विंडोजवर नांदत होती, लिनक्सवर कॉपी होताना अडली. अशी एखादी फाइल चाचणीच्या फोल्डरात मुद्दाम ठेवा. रोबोकॉपीच्या शेवटच्या तक्त्यात 'फेल्ड' खाली शून्य आहे का, ते वेग बघण्याआधी बघा. चारशे फाइली गाळून लवकर संपलेली कॉपी फास्ट म्हणायची नसते.

वर्कशॉपवाल्यांनी शेवटी डेबियन आणि ईएक्सटी-४ ठेवलं. फोल्डर पाडल्यावर त्यांच्या फाइलींवर तिन्ही ओएसमधला फरक एवढा उरला नाही की विंडोज सर्व्हरचं लायसन आणि वर माणशी किंवा मशीनमागे लागणारं क्लायंट लायसन परवडावं. बेचाळीस पानी वहीत सगळे आकडे तारखेसह लिहून, आयपर्फच्या दोन ओळी आणि स्विचचा पोर्ट नंबर कागदावर घेऊन तो सर्व्हरच्या डब्यावर सेलोटेपने चिकटवला. पुढच्या वेळी "हळू चालतंय" असा फोन आला की पहिल्यांदा तोच कागद वाचून घेईन, आणि खुर्ची कुठे ठेवलीय ते विचारीन.